पिकअप माझा, धूर तुमचा?

परवा गॅरेजमध्ये एक डायलॉग ऐकला आणि खरं सांगते, दोन मिनिटं मी पाघळले. "मॅडम, कॅट काढून टाकतो. सरळ पाइप वेल्ड करतो. मग बघा पिकअप!"

गाडी बाबांची. १९९९ सालची, पेट्रोल, एमपीएफआय. हिच्यावरच मी ड्रायव्हिंग शिकले. हल्ली चढावर दम लागतो बिचारीला. काकांचं निदान : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय. नवा घ्यायचा तर खिशाला भोक, कारण आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू. पाइप मात्र स्वस्तात मस्त! "आणि पीयूसीचं टेन्शन नका घेऊ, होते पास."

घरी येऊन जरा खोदकाम केलं. हा डबा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड्स या तिघांचं विष बाहेर पडण्याआधीच बरंच उतरवतो. चार महानगरांत नव्या पेट्रोल कार्सना तो १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. आता गंमत बघा. आपली पीयूसी पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड्स मोजतच नाही! जुन्या गाड्यांसाठी बाकीच्या मर्यादाही सैल. म्हणजे काका अगदीच थापा मारत नव्हते. पण पास होणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं, नाही का?

कायदा मात्र क्लिअर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवलीय.

"पण क्लासिक गाडी आहे यार, सूट असेल ना?" इति माझा कारवेडा मित्र. नाही राजा! २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी. तीसुद्धा रॅलीत मिरवायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. आपल्याकडच्या त्या वयाच्या गाड्यांत कॅट नव्हताच. ज्यांच्यात काढण्यासारखं काही आहे, त्या अजून व्हिंटेज झालेल्याच नाहीत. माझीचा नंबर २०४९ मध्ये! आणि 'ओरिजिनल'चा एवढाच सोस असेल, तर कॅटही ओरिजिनलच की.

दंडाचं सोडा, कोण पकडणार? हा विचार माझ्याही मनात आलाच. पण कॉलेजची सगळी वर्षं मी स्कूटरवर काढलीत. सिग्नलला पुढच्या कारचा सायलेन्सर थेट तोंडावर. स्कार्फ धूळ अडवतो, गॅस नाही. माझा वाचलेला पैसा आता मागच्या स्कूटरवालीने फुप्फुसातून भरायचा?

मग काकांना विचारलं, "पण चोक झाला का?" प्लग काढून बघितले, तर एक सिलिंडर मिसफायर. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटत होतं. ते आधी दुरुस्त केलं. नव्या कॅटची ऑर्डरही दिलीय, यायला वेळ आहे.

तोवर मी परत स्कूटरवर. स्कार्फ बांधून.