टर्मिनल आले, वाट राहिली

बंगळुरूच्या बैयप्पनहळ्ळी भागातील सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल जून २०२२ पासून प्रवाशांच्या सेवेत आहे. वातानुकूलित इमारत, विमानतळाला शोभावा असा दर्शनी भाग. हावडा, गुवाहाटीकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या येथे येतात. दोन रात्री डब्यात काढलेला मजूर किंवा उपचारासाठी आलेला रुग्ण येथे उतरतो आणि त्याची खरी परीक्षा फलाटाबाहेर सुरू होते.

बैयप्पनहळ्ळीचे मेट्रो स्थानक २०११ पासून उभे आहे. टर्मिनलपासून दीड-दोन किलोमीटरवर. डोक्यावर ट्रंक आणि हाताशी मूल असलेल्याला हे अंतर थोडे नाही. मेट्रो आधीची, टर्मिनल नंतरचे. तरीही दोहोंना थेट जोडणाऱ्या पादचारी मार्गाविना उद्घाटन उरकले गेले. बस मिळते, पण ती कोठे जाते हे कन्नड न येणाऱ्याला कसे उमगावे? मग रिक्षावाला सांगेल ते भाडे. शहरापासून तीस किलोमीटरहून दूर असलेल्या देवनहळ्ळीच्या विमानतळावर मात्र ‘वायुवज्र’ बस दाराशीच उभी असते.

रेल्वे केंद्राची, बससेवा राज्याची, मेट्रो दोघांची. मधला रस्ता कोणाचाच नाही. या यंत्रणांत मेळ घालण्यासाठी कर्नाटक विधिमंडळाने २०२२ मध्ये महानगर भू-परिवहन प्राधिकरणाचा कायदा संमत केला. त्या प्राधिकरणाने आरंभ येथूनच करावा: छत असलेली पायवाट, गाड्यांच्या वेळेला जुळणाऱ्या बस आणि हिंदी, बंगाली, असमियातही लिहिलेले भाड्याचे फलक.