गुरुत्वढाल: कल्पना आणि हिशेब

शहर, लष्करी तळ किंवा वसाहत वाचवण्यासाठी विज्ञानकथांत ‘गुरुत्वढाल’ वापरली जाते. वरून येणारे क्षेपणास्त्र या अदृश्य छतापाशी थबकते, वळते किंवा उलट फेकले जाते. ही कल्पना शक्य मानणाऱ्यांची भिस्त मुख्यतः एका युक्तिवादावर असते: धातूचा पिंजरा विद्युतक्षेत्र अडवतो, तसे गुरुत्वही अडवणारे काहीतरी सापडेल.

हे साम्य मुळातच टिकत नाही. विद्युतभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे असतात. बाहेरच्या क्षेत्रामुळे धातूतले इलेक्ट्रॉन सरकतात आणि त्यांच्या नव्या मांडणीमुळे आतले क्षेत्र नाहीसे होते. वस्तुमानाला अशी दुसरी बाजू नाही. ऋण वस्तुमान आजवर कुठेही आढळलेले नाही. प्रतिद्रव्य वर ‘पडेल’ अशी काहींना आशा होती. सर्न येथील अल्फा-जी प्रयोगात २०२३ मध्ये प्रतिहायड्रोजनही खालीच पडताना दिसला. फिनलंडमधल्या टाम्परे येथून येवगेनी पोडक्लेटनॉव्ह यांनी १९९२ मध्ये अतिसंवाहक तबकडीच्या वर वस्तूंचे वजन किंचित घटते असा दावा केला होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर प्रयोगात तसे काहीच मिळाले नाही.

गुरुत्व अडवण्याची खरी गरज ज्यांना आहे, त्यांचा अनुभवही हेच सांगतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियासारख्या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेत आरसे टांगून जमिनीची कंपने रोखता येतात, निर्वात नळ्यांमुळे हवेचा उपद्रव टळतो. पण जमिनीतून कंपनाची लहर जाताना मातीची घनता क्षणभर बदलते आणि त्या बदलत्या वस्तुमानाची ओढ थेट आरशांवर पडते. तिच्यापुढे कोणतेही आवरण चालत नाही. ती मोजायची आणि नोंदींतून वजा करायची, एवढाच उपाय उरतो.

तरीही ढाल मिळाली असे घटकाभर धरू. हवेचा रोध सोडून दिला, तर सेकंदाला ७ किलोमीटर वेगाने येणारे स्फोटकाग्र शेवटचे १० किलोमीटर सुमारे १.४ सेकंदात कापते. तेवढ्या वेळात गुरुत्व त्याला जेमतेम १० मीटर हलवते. म्हणजे गुरुत्व पूर्ण बंद केले तरी लक्ष्य चुकते ते १० मीटरने. मारा वेगामुळे होतो आणि वेग जडत्वाने टिकतो. वजन काढून घेतल्याने तो थांबत नाही. उलट हानी ढालीखालच्यांचीच. दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा असते. वरच्या हवेचे वजन गेले की भोवतालची हवा तिला वर ढकलते आणि शहरावर वादळ उठते. एच. जी. वेल्स यांनी १९०१ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत हा परिणाम नेमका ओळखला होता, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मग नुसते अडवण्याऐवजी गुरुत्वाने उलट ढकलायचे ठरवले तर? तेच अस्त्र १० किलोमीटरांत थांबवायला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या २५० पट प्रतिकर्षण लागते. एवढे क्षेत्र देणाऱ्या चादरीत दर चौरस मीटरला सुमारे ५८५ कोटी टन वस्तुमान हवे, तेही ऋण. अशा एका चौरस किलोमीटरच्या चादरीचे वस्तुमान पृथ्वीच्या संपूर्ण वातावरणापेक्षा जास्त भरते. आणि इतके करूनही लेसरचा किरण मायक्रोमीटरच्या घरातच सरकेल.

म्हणून गुरुत्व संरक्षणाला निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. फक्त त्याचे काम रोखण्याचे नसून ओढण्याचे आहे, आणि त्याला सेकंद नव्हे, वर्षे लागतात. एडवर्ड लू आणि स्टॅन्ली लव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेला ‘गुरुत्वकर्षक’ याच तत्त्वावर चालतो. सुमारे २० टनांचे यान २०० मीटर व्यासाच्या लघुग्रहाजवळ वर्षभर तरंगत ठेवायचे. त्याच्या क्षीण ओढीने लघुग्रहाचा वेग अगदी थोडा बदलतो. टक्कर सुमारे २० वर्षे दूर असेल, तर तेवढा बदल पृथ्वी वाचवायला पुरतो. २०२२ मध्ये डार्ट यानाने मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या डायमॉर्फोसवर आदळून त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. तो मार्ग झटपट असला तरी तिथे लघुग्रहाची घडण आणि उडणारा मलबा यांवर बरेच अवलंबून असते. गुरुत्वकर्षकाला पृष्ठभाग कठीण आहे की भुसभुशीत, याच्याशी देणेघेणे नाही. लघुग्रह स्वतःभोवती फिरत असला तरी अडत नाही. काळजी घ्यायची ती इंजिनांची: त्यांचे झोत लघुग्रहावर आदळले तर ओढीचा परिणामच पुसला जाईल, म्हणून ती बाहेरच्या अंगाला तिरकी बसवावी लागतात.