फेणीचे नाव आणि भट्टीवरचे हात



कामगारांच्या मासिकात दारूवर लेख कशाला, असे काही जण विचारतील. दारूने धुळीला मिळालेले संसार युनियनच्या कार्यकर्त्याला वेगळे दाखवायला नकोत. पण येथे प्रश्न पिण्याचा नाही, नावाच्या मालकीचा आहे. ज्या मुलखाने आणि ज्या हातांनी एखादी वस्तू नावारूपाला आणली, तिच्या नावावर हक्क कोणाचा? कायद्याने त्या हक्काला भौगोलिक मानांकन म्हटले आहे.

याबाबतचा एक गाजलेला खटला आमच्या बेंगळुरूचाच आहे. येथील खोडे कंपनीने १९६८ पासून ‘पीटर स्कॉट’ नावाची व्हिस्की बाजारात आणली. स्कॉटलंडच्या उत्पादकांची संघटना म्हणाली, ‘स्कॉट’ या शब्दामुळे गिऱ्हाईक फसते, नोंदणी दुरुस्त करा. १९८९ मध्ये रजिस्ट्रारने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मद्रास हायकोर्टातही कंपनी हरली. मात्र २७ मे २००८ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. कोर्टाने दोन मुख्य कारणे दिली. एक, अशी व्हिस्की घेणारा गिऱ्हाईक जाणता असतो, तो नावाने सहजी फसत नाही. दुसरे, संघटनेला ही गोष्ट १९७४ मध्येच कळली होती, पण अर्ज केला १९८६ मध्ये. १९७४ म्हणजे आपल्या रेल्वे संपाचे साल! तेव्हा कळलेल्या गोष्टीवर बारा वर्षे गप्प बसलात, आता तक्रार कसली, असा त्याचा अर्थ.

यातून दोन धडे मिळतात. हक्क वेळेवर मागावा लागतो, हे मुदत टळल्यामुळे फेटाळलेले अर्ज पाहिलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. दुसरा धडा असा की सातासमुद्रापलीकडची संघटना एका शब्दासाठी आपल्या कोर्टांत बावीस वर्षे लढली. आपल्या वस्तूंसाठी अशी चिकाटी कोण दाखवणार?

डंकेल प्रस्तावाविरुद्ध कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यातूनच १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्या करारात दोन पंगती मांडल्या गेल्या. वाइन आणि मद्य वरच्या पंगतीला: ‘अमुक पद्धतीचे’ असे लिहूनसुद्धा ते नाव दुसऱ्याला वापरता येत नाही, गिऱ्हाईक फसल्याचा पुरावाही लागत नाही. बाकीच्या मालासाठी मात्र लोकांची दिशाभूल झाल्याचे दाखवावे लागते. युरोपची दारू वरच्या पंगतीला, आपला दार्जिलिंग चहा आणि कोल्हापुरी चप्पल खालच्या! भारताने हा भेदभाव मिटवण्याची मागणी जागतिक पातळीवर केली, पण ती मान्य झालेली नाही.

आपल्याकडची फेणी मात्र मद्य असल्याने वरच्या पंगतीत बसते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले. काजूची बोंडे वेचायची, तुडवायची, रस आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या उकळीचा हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. इतके असूनही अबकारी कायद्यात ती ‘देशी दारू’च राहिली. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला, तेव्हा कुठे त्या शिक्क्यातून तिची सुटका झाली.

आता आपला प्रश्न. नाव राखले गेले, पण बोंडे वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले? १९९९ चा आपला मानांकनाचा कायदा वाचा. ‘उत्पादक’ या शब्दाच्या व्याख्येत त्या मालाचा व्यापार करणारासुद्धा बसतो. मजुरीचा दर ठरवणारे कलम मात्र एकही नाही. म्हणजे नावाला कुंपण आहे, हातांना नाही.

कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या आठ जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये संयुक्त मानांकन मिळाले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे चर्मकार एका नावाखाली आले, ही चांगलीच गोष्ट झाली. तरी २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मंचावर आणल्या, आणि आरडाओरड झाल्यावरच कोल्हापूरचा ऋणनिर्देश केला. कागद होता, पण पहारा नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क प्रथम ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणण्याचे ठरले. त्यांच्या संघटनेने आपले काम चोख केले, त्याचा राग कशाला धरायचा? आपण आपले करावे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. मानांकनाच्या अर्जदार मंडळात कामगारांचे प्रतिनिधी असावेत. मानांकित मालाच्या कामाला किमान वेतन लागू करून ते काटेकोर तपासले जावे. कायद्यातील तरतूद वापरून केंद्राने कोल्हापुरी चपलेसारख्या मालालाही मद्याइतके जादा संरक्षण द्यावे. आणि भट्टीवर, बागेत, चर्मकाराच्या ओसरीवर राबणाऱ्यांनी संघटित व्हावे. संघटनेविना कायदा म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!