पन्नाशीत पहिल्यांदा वजन उचलताना

उस्मानपुऱ्यात, एकनाथ रंगमंदिराच्या परिसरात आणि पुढे क्रांती चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, गेल्या काही वर्षांत जिमच्या पाट्या वाढल्या आहेत. पूर्वी तालीम म्हटली की लाल माती, मुद्गल आणि पंचविशीच्या आतले तरुण एवढेच चित्र डोळ्यांसमोर येई. आता सकाळी सातनंतर तेथे पिकलेले केसही दिसू लागले आहेत. मला याचे समाधान वाटते. मात्र त्याबरोबर दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे : आयुष्य खुर्चीत बसून काढले, आता पंचावन्नाव्या वर्षी जिमला जावे का? ज्यांना जायचे असते ते हा प्रश्न बहुधा विचारत नाहीत. त्यांची पत्नी किंवा मुलगी विचारते. विचारताना त्यांच्या मनात 2022 सालच्या ऑगस्टमधली बातमी असते. विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव व्यायाम करताना कोसळले आणि पुढच्या महिन्यात, वयाच्या 58 व्या वर्षी निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते.

ही भीती निराधार नाही. तिची दिशा मात्र चुकते. 1993 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना, झटक्यापूर्वीच्या तासात आपण काय करत होता, असे त्यात विचारले होते. जे आठवड्यातून एकदाही धड कष्टाचे काम करत नव्हते, त्यांच्या बाबतीत अचानक केलेल्या जोरकस श्रमानंतरच्या तासात झटक्याची शक्यता एरवीपेक्षा 107 पट झालेली आढळली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत हीच वाढ होती 2.4 पट. 107 हा आकडा वाचून दचकू नये, कारण एखाद्या तासात झटका येण्याची मूळ शक्यता अत्यल्प असते आणि ही पट त्या अत्यल्पाची आहे. पण दोन आकड्यांमधले अंतर मात्र लक्षात ठेवावे. श्रम तेच, हृदयही माणसाचेच, फरक सवयीचा. म्हणून धोका जिमचा नसून घाईचा आहे, असे मी या घरच्यांना सांगतो. बैठ्या माणसाच्या वाट्याला जड श्रम आज ना उद्या येतातच. जिन्यावरून सिलिंडर चढवावा लागतो, सुटलेल्या गाडीमागे धावावे लागते. त्या दिवशी शरीर तयार असावे की नसावे, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या शहरात त्या दिवसाला नावही आहे : पाण्याचा दिवस. नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरोघरी पिंपे, बादल्या, हंडे भरले जातात. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोंचे वजन. अशा वीस बादल्या वाकून उचलायच्या आणि पायऱ्या चढायच्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कंबर धरून येणारे चेहरे मला ओळखीचे झाले आहेत. त्यांत पुरुष थोडे असतात, पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया जास्त.

त्यांच्यापैकी एकीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. वय त्रेपन्न. घरी एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून बहुतेक वेळ खाटेवर. दिवसातून सहा-सात वेळा त्यांना उठवून बसवायचे, खुर्चीत घ्यायचे, न्हाणीघरापर्यंत न्यायचे. “डॉक्टर, मी रोज पहाटे पाऊण तास फिरते, मग माझी कंबर का धरते?” असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता.

फिरणे उत्तम आहे. रक्तदाब, साखर, मन, झोप यांना त्याने लाभ होतो. पण फिरण्याने उचलण्याचे बळ येत नाही. तिशीनंतर प्रत्येक दशकात स्नायूंचा सुमारे तीन ते आठ टक्के भाग झिजतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि काटा तेथेच राहतो. दिसते ते निराळ्याच ठिकाणी : जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जेवणाची पंगत खालून टेबलावर जाते, भारतीय पद्धतीचा संडास अवघड वाटू लागतो. आपण याला गुडघेदुखी म्हणतो. अनेकदा मूळ दुखणे मांडीच्या अशक्तपणाचे असते आणि गुडघा बिचारा त्याची भरपाई करत असतो. याला साखरेचीही एक बाजू आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. स्नायू घटले की ती साठवण्याची कोठीच लहान होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला आहे. आपण पहिला अर्धा वाचला आणि पांढरे बूट घेतले. दुसरा अर्धा तसाच राहिला.

गेलेले बळ परत येते का? येते, आणि पन्नाशीतच नव्हे. 1990 साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम देखरेखीखाली करवून घेतले गेले. त्यांची वये होती 86 ते 96. पायांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास लहान होता, पण नव्वदीतला स्नायूदेखील काम दिले की प्रतिसाद देतो हे त्याने दाखवून दिले. आपल्याकडेही व्यायामाला वयाची अट घालण्याची परंपरा नव्हती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868 ते 1951) तरुणपणी सँडोच्या साधनांनी व्यायाम करत. चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत तो नेला. चाळिशीत व्यायाम सोडण्याऐवजी बदलता येतो, एवढे त्यावरून घ्यावे. मात्र ज्यांना चक्कर येते, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांच्या मनगटांत दुखणे आहे, त्यांनी डोके खाली जाणाऱ्या आसनांनी सुरुवात करू नये.

आता सुरुवातीचे. आधी रक्तदाब, उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढे पाहून घ्यावे. येथे एक गैरसमज दूर करतो. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी निर्दोष आला म्हणजे हृदयाच्या वाहिन्या निर्दोष आहेत असे ठरत नाही. जिना चढताना छातीवर दाब येतो का, धाप लागते का, जबड्यात वा डाव्या हातात कळ येते का, या प्रश्नांची खरी उत्तरे कागदाच्या पट्टीपेक्षा अधिक मोलाची असतात. यांपैकी काही होत असेल, पूर्वी हृदयविकार झाला असेल किंवा मधुमेह जुना असेल, तर पुढील तपासण्यांविषयी आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जिमची पायरी चढू नये. रक्तदाब 180/110 च्या वर असेल तर आधी औषध. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होत असेल तर जड वजने वर्ज्य.

औषधांचे मात्र ट्रेनरला कोणी सांगत नाही, आणि त्यालाही विचारायचे सुचत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. जाण्यापूर्वी ती शंभरच्या खाली असेल तर काही खाऊन जावे आणि खिशात साखर किंवा गोड बिस्किटे ठेवावीत. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही. ट्रेडमिलवरचा आकडा पाहून “काका, अजून वेग वाढवू या” असे म्हणणारा ट्रेनर येथे फसतो. अशांनी आकडा सोडून द्यावा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, ही कसोटी पुरेशी आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, व्यायाम पहाटेच आटोपावा.

पहिले दोन महिने आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एका दिवसाची विश्रांती, आणि दर वेळी अर्धा तास. खुर्चीवरून उठणे-बसणे किंवा पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र, हातांनी पुढे ढकलणे, हातांनी मागे ओढणे, कमरेऐवजी खुब्यातून वाकून जमिनीवरचे हलके वजन उचलणे आणि दोन्ही हातांत वजन धरून सावकाश चालणे. एवढ्यात रोजच्या आयुष्याचे बहुतेक सारे येते. वजन असे घ्यावे की बारा-पंधरा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा थोडा जोर लागेल. पहिल्या पंधरवड्यात जमेल त्याच्या निम्मेच करावे, आणि हेच सर्वांना सर्वांत जड जाते. उचलताना श्वास सोडायचा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात, त्याची चिंता नको. सांध्यात टोचणारी कळ, सुजलेला सांधा, छातीतला दाब, घेरी ही थांबण्याची कारणे आहेत. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकदम अति व्यायाम केल्याने स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

फी वर्षाची एकदम भरू नये. सवलत मोठी असते आणि त्याहून मोठा असतो पैसे वसूल करण्याचा उत्साह. पहिल्या आठवड्यातल्या दुखापतींमागे तोही असतो. पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा पुढे करणाऱ्या ट्रेनरला नम्रपणे नकार द्यावा, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने तर निश्चितच. निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने मिळाली की पुरे, आणि ती घरातच असतात : ज्वारीच्या भाकरीबरोबर घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, दही, चालत असल्यास अंडे. पण केवळ चहा-बिस्किटांवर सकाळ काढणाऱ्या आजी-आजोबांना ती मिळत नाहीत, हे घरच्यांनी पाहावे.

त्या त्रेपन्न वर्षांच्या ताईंना जिमला जायला वेळ नव्हता. काळजी घेणाऱ्या कोणालाच तो नसतो. पतीने आठवड्यातून दोन सायंकाळी आईजवळ बसायचे कबूल केले, तेव्हा मार्ग निघाला. पहिल्या महिन्यात त्यांनी पाच किलोंपलीकडे काही उचलले नाही. चौथ्या महिन्यात पंधरा किलो खुब्यातून वाकून सरळ पाठीने उचलू लागल्या आणि पाण्याच्या दिवसानंतर दवाखान्यात येणे थांबले. पण मला अधिक आनंद दुसऱ्याच गोष्टीचा वाटला. उचलणारीचे बळ वाढवतो आहोत तर उचलले जाणारे ओझेही कमी करावे, म्हणून सासूबाईंनाही काम दिले. अस्थिरोगतज्ज्ञांची संमती घेऊन, खाटेच्या पायांखाली ठोकळे देऊन ती थोडी उंच केली, समोर जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, आणि सूनबाई शेजारी उभ्या असतानाच खुर्चीला धरून उठायचे व सावकाश बसायचे. प्रथम दोन वेळाही जमेना. आता त्या सकाळी पाच आणि सायंकाळी पाच वेळा उठतात. सहाव्या वेळेला मात्र त्यांची अद्याप मान्यता नाही.