दमडीचा निकाल

यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा पहिला छापील नमुना टेबलावर आला, तेव्हा कचेरीत थोडी कुजबुज झाली. सगळा काळोख, खालच्या कोपऱ्यात धुराचा एक पट्टा आणि वरून ओघळणारे सात-आठ नारिंगी ठिपके. पणती नाही, रांगोळी नाही, हातात निरांजन घेतलेली बाई तर नाहीच. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर पोसलेल्या नजरेला हे चुकल्याचुकल्यासारखं वाटणारच. आमच्या एका जुन्या जाहिरातदारांनी फोन करून विचारलं, "अहो, हे काढायला किती वेळ लागला असेल हो? अर्धा तास?"

प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर 1878 मध्ये तो लंडनच्या कोर्टात विचारला गेला होता, आणि तोही आतषबाजीच्याच चित्रावरून.

चित्रकार जेम्स मॅक्नील व्हिस्लर. जन्म अमेरिकेतला, 1834 चा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत रसायनशास्त्राने दगा दिला, मग पॅरिस आणि पुढे कायमचं लंडन. चेल्सीत तो राहायचा त्या भागात क्रेमॉर्न गार्डन्स नावाची करमणुकीची बाग होती, तिथे रात्री बाण उडत. आकाशात फुटून विझत खाली येणारा एक बाण त्याने रंगवला. चित्र जेमतेम दोन फूट उंच. हिरवट काळोख, धूर, सोन्याच्या कणांसारख्या ठिणग्या आणि तळाशी दोन-चार माणसं, इतकी पुसट की त्यांच्यातून मागची जमीन दिसावी. अशा रात्रींच्या चित्रांसाठी तो रंग इतका पातळ करी की ओघळू नये म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागे. नदीकाठी उभं राहून दृश्य डोळे भरून पाहायचं, मग पाठ फिरवून ते सोबत्याला घडाघडा म्हणून दाखवायचं आणि घरी येऊन आठवणीतून उतरवायचं, ही त्याची रीत.

1877 मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत हे चित्र लागलं. किंमत 200 गिन्या. कलासमीक्षक जॉन रस्किनने ते पाहिलं आणि लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं भिरकावून वर एवढे पैसे मागणारा उपटसुंभ, अशा अर्थाची झोड उठवली. आपल्याकडे रस्किन म्हटला की गांधीजी आठवतात. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचलेलं त्याचं पुस्तक, आणि त्यातून निघालेला 'सर्वोदय'. घामाचं मोल जाणणारा हा माणूस. मला वाटतं, तो खवळला तोही त्याच पोटी. गवंड्याने, सुताराने जीव ओतून केलेलं काम त्याच्या डोळ्यांपुढे होतं आणि इथे कोणी दोन फटकाऱ्यांचे 200 गिन्या मागत होता.

व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला, हजार पौंडांचा. रस्किन आजारी, कोर्टात आलाच नाही. त्याच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं की दोन दिवसांच्या कामाचे तुम्ही 200 गिन्या मागता? व्हिस्लरने सांगितलं की दोन दिवसांचे नाही, जन्मभर कमावलेल्या जाणकारीचे. ज्यूरीने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या भाषेत दमडी. कोर्टखर्च ज्याचा त्याने सोसायचा. रस्किनचा चाहत्यांनी वर्गणी काढून भागवला. व्हिस्लर 1879 मध्ये दिवाळखोर झाला आणि टाइट स्ट्रीटवरचं नवं घर विकलं गेलं.

'कलेसाठी कला' हे शब्द आपल्या कानांवर पडले ते फडके आणि खांडेकरांच्या वादातून, आणि पुढे शाळेच्या वक्तृत्वस्पर्धांनी त्यांचा पार चोथा केला. दोन्ही बाजूंची टाळ्यांची वाक्यं पोरांना पाठ. व्हिस्लरच्या खटल्यात मात्र हा वाद थेट बिलापाशी येऊन उभा राहतो: चित्रातून बोध नाही, गोष्ट नाही, गाळलेला घाम दिसत नाही, मग पैसे कशाचे द्यायचे?

म्हणून व्हिस्लरला साधुपुरुष करायचं कारण नाही. लेलँड या धनिकाच्या जेवणघरात डागडुजीला म्हणून शिरला आणि मालक बाहेरगावी असताना भिंतीवरचं मौल्यवान जुनं कातडं निळ्या-सोनेरी रंगाने झाकून टाकलं. वर दोन हजार गिन्या मागितल्या. हाती पडले हजार, तेही गिन्या नव्हेत, पौंड. चित्रकाराला गिन्यांत द्यायचं आणि कारागिराला पौंडांत, असा तिथला रिवाज, त्यामुळे ते त्याला फारच झोंबलं. भिंतीवर त्याने झुंजणारे दोन मोर काढले, एकाच्या पायांशी नाणी विखुरलेली. भांडण मजेदार आहे, पण माझी भिंत कोणी अशी रंगवली असती तर मीही पैसे कापले असते. गंमत अशी की त्या रात्रींच्या चित्रांना 'नॉक्टर्न' हे नाव याच लेलँडने सुचवलं होतं.

आणि लोकांची पर्वा नाही म्हणणाऱ्या या गृहस्थाचं लोकांवाचून पानही हलत नसे. वर्तमानपत्रांना पत्रं, त्यांखाली सहीऐवजी नांगी असलेलं फुलपाखरू. 1885 मधलं व्याख्यान तर रात्री दहाला ठेवलेलं, मंडळींनी जेवून निवांत यावं म्हणून! स्वतःच्या आईच्या 1871 मधल्या चित्राला त्याने 'करड्या-काळ्याची मांडणी' म्हटलं. लोकांनी त्यात आईच पाहिली. अमेरिकेने 1934 मध्ये मातृदिनासाठी तिचं टपाल तिकीट काढलं तेव्हा कोपऱ्यात फुलांची कुंडीही घातली. व्हिस्लर तोवर वारलेला होता, म्हणून टपालखातं वाचलं.

ती दमडी तो घड्याळाच्या साखळीला लटकवून मिरवी, असं सांगतात. बाणाचं ते चित्र आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे.

आमच्या चित्रकाराला किती वेळ लागला, ते मी विचारलं नाही. ठरलेलं मानधन धनत्रयोदशीच्या आत पोचतं केलं आहे. जाहिरातदारांनी यंदाही पूर्ण पान घेतलं, मात्र आतलं. मलपृष्ठ नको म्हणाले, काळ्याच्या पाठीला पाठ लागते.