देऊळघाटचा विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती

बारावीचा निकाल लागला की गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. पैशाअभावी ज्यांचा प्रवेश हुकतो त्यांची नावे मात्र कोठेच छापून येत नाहीत. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयाच्या वाटेस लागतो, तेव्हा बुद्धीच्या कसोटीइतकीच कठीण अशी कागदपत्रांची कसोटी त्याच्यापुढे उभी राहते.

एके काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून वा वार लावून शिकत. दात्याची मर्जी हाच त्यांचा आधार होता. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांस दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. असा दाता लाभणे हे भाग्याचे काम होते. आज मर्जीच्या जागी नियम आला, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु नियमाला मुदत असते, आणि मुदत कोणासाठी थांबत नाही.

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर करावे लागतात. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र संस्थाचालकांच्या कोट्यातून प्रवेश घेणाऱ्यास या शुल्कसवलती मिळत नाहीत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. हे अनेक पालकांना पैसे भरून झाल्यावर कळते!

म्हणून आमचे सांगणे असे की, शिष्यवृत्तीचा शोध निकालानंतर नव्हे, परीक्षा संपताच सुरू व्हावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला व त्याची वैधता, आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही शिदोरी उन्हाळ्यातच बांधून ठेवावी. आधी शासकीय योजना पाहाव्यात, नंतर विश्वस्तनिधींकडे वळावे. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करण्यास विसरू नये. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

पण हा सारा भार अठरा वर्षांच्या मुलावर टाकून समाजास मोकळे होता येणार नाही. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा उशिरा येते आणि शुल्काचा तगादा आधी लागतो. ही दरी शासनाने वेळेवर रक्कम देऊन आणि महाविद्यालयांनी थोडी कळ सोसून भरून काढली पाहिजे. शहरातील निवृत्त शिक्षक, वकील व कारकून यांनी मे-जूनमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ जरी अर्ज भरून देण्यास दिली, तरी पुष्कळ मुले तरतील. पूर्वी सुशिक्षित घरे विद्यार्थ्यास आठवड्याचा एक वार देत. तो वार आज अन्नाचा नको, माहितीचा हवा.