साडेसात हजारांची सोळा मिनिटं

गेल्या हिवाळ्यात सोलापूरहून भाचीचा फोन आला. ‘मामू, कॅमेरा आ गया!’ दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आणि वरची रक्कम हप्त्यांवर. आवाजात इतका आनंद होता की कोणता घेतला, कितीला घेतला, हे विचारायचंही मी विसरलो. आठवड्याभरानं पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खाली होता. पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा आहे, नव्यानं कॅमेरा घेतलेल्यांसाठी. फी साडेसात हजार. ‘जाऊं क्या नक्को?’

प्रश्न साधा वाटतो, पण तिच्या घरात तो साधा नव्हता. तिला हौस म्हणून फुलापाखरांचे फोटो काढायचे नाहीत, तिला काम हवंय. आपल्याकडच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर आलेला अनेक घरांना चालत नाही. मग तिकडचे फोटो कुणीतरी मावसबहीण मोबाइलवर काढते. निम्मे हललेले असतात, उरलेल्यांत नवरीचं तोंड अंधारात असतं. पुढे आयुष्यभर त्या नवरीकडे आपल्या लग्नाचा एकही धड फोटो नसतो. कॅमेरा चालवणाऱ्या मुलीला इथं खरोखर जागा आहे. भाचीनं ती जागा हेरली होती. म्हणजे हे साडेसात हजार छंदावरचा खर्च नव्हते. ते धंद्याचं पहिलं भांडवल होतं, आणि चुकीच्या ठिकाणी गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

घरात दोन तट पडले. दुल्हाभाई म्हणाले, ‘शिलाई मशीन घेतली तर ती चालवायला शिकायचे एवढे पैसे कुणी घेतं का?’ आपाचं म्हणणं, एवढा महागाचा जिन्नस घेतलाय, तर शिकण्यासाठी कशाला हात आखडायचा? दोघांचंही अर्धंच खरं होतं. माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं आणि आज थोड्या दुरुस्तीसह इथं मांडतो. नवा कॅमेरा हातात आल्यावर पहिल्या महिन्यात पैसे भरून कार्यशाळेला जाऊ नये. नंतर जावं, पण स्वतःचे प्रश्न घेऊन जावं.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मीही नवा कॅमेरा गळ्यात अडकवून अशाच एका कार्यशाळेला गेलो होतो. सकाळी हॉलमध्ये पडद्यावर आकृत्या, दुसऱ्या दिवशी भिगवणला उजनीच्या पाण्यात बोटीतून पक्षी. थंडीचे दिवस, रोहित आलेले, पाण्यावर धुकं. बोटवाल्यानं शेव उधळली, कुरव पक्ष्यांचा थवा अंगावर आला आणि आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी बटणं दाबली. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. सगळ्यांचा एकच फोटो! पक्षी तोच, पंख तसेच, मागचं पाणीही तेच. शिकवणाऱ्यानं सगळ्यांना ‘वा, सुंदर’ म्हटलं. मी खूश होऊन घरी आलो. पुढच्या आठवड्यात घरात मुलाचा फोटो काढायला गेलो आणि तो हललेला आला. का हलला, हे मला सांगता येईना. शेव कुणी उधळायची, पहाटे कुठं उभं राहायचं, आकडे किती लावायचे, हे सगळं दुसऱ्यानं ठरवलं होतं. मी फक्त बोट दाबलं होतं.

म्हणून भाचीला मी आधी हिशेब करायला लावला. जाहिरातीत लिहिलं होतं की तुकडी बावीस जणांची, शिकवणारा एक. दोन दिवस मिळून बारा तास. त्यातले निम्मे सर्वांसमोर बोलण्यात जातात असं धरू. उरले सहा तास, म्हणजे ३६० मिनिटं. भागिले बावीस. एकेकाच्या वाट्याला सोळा मिनिटं! तीही शिकवणारा एक क्षण न थांबता सगळ्यांकडे सारखा फिरला तर. शिवाय हुतात्मा एक्स्प्रेस पहाटे धरली तरी पुण्यात पोचायला दहा वाजून जातात, आणि कार्यशाळा आठला सुरू होणार होती. म्हणजे आदल्या दिवशी जायचं, राहायचं, सोबतीला कुणी न्यायचं. साडेसातचे अकरा हजार व्हायला वेळ लागत नाही.

आणि त्या सहा तासांच्या व्याख्यानात काय सांगतात? प्रकाशाच्या तीन चाव्या. एक, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र किती उघडायचं. एफ ४ वरून एफ २.८ वर आलात की प्रकाश दुप्पट. आकडा लहान तितकं छिद्र मोठं, हे उलटं गणित तेवढं लक्षात ठेवायचं. दोन, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. १/१२५ सेकंदाऐवजी १/६० ठेवलं की प्रकाश पुन्हा दुप्पट, पण हात किंवा माणूस हलला तर फोटो हलणार. तीन, आयएसओ. ४०० चं ८०० केलं की फोटो तितकाच उजळतो, पण तो जसजसा वाढवाल तसतसे दाणे दिसू लागतात. एका चावीनं जे घ्याल ते दुसऱ्या चावीनं परत करावं लागतं. कळायला एक परिच्छेद पुरतो. हातात बसायला मात्र दोन हजार फोटो लागतात, आणि ते दोन हजार फोटो फी घेऊन तुमच्याऐवजी कुणी काढत नाही.

माझ्याबाबतीत ही गोष्ट ईदगाहवर कळली. ईदची सकाळ, हजारो माणसं, सगळे पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. फोटो पाहिले तर सगळे कुर्ते मळके, राखाडी. कॅमेरा बिघडला असं वाटलं. बिघडला नव्हता. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं गृहीत धरून चालतं. समोर पांढरंच पांढरं आलं की तो ‘फार उजेड आहे’ समजून फोटो काळवंडतो. अधिक-उणेचं बटण एक घर अधिककडे सरकवायचं, एवढाच उपाय. काळी शेरवानी चौकटभर असेल तर उलट, उणेकडे. हे कार्यशाळेत नक्कीच सांगितलं गेलं असणार. पण तेव्हा मला राखाडी कुर्त्याचं दुःख नव्हतं, म्हणून उत्तर कानावरून गेलं.

इथं कुणी म्हणेल, मग शिकवणाऱ्याची गरजच नाही का? आहे. नुसते व्हिडिओ पाहून सगळं येतं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. व्हिडिओ तुमचा फोटो पाहत नाही. होमाई व्यारावालांचं उदाहरण घ्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या कला शिकल्या, पण कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले तेही माणेकशांच्या नावानं. शिकायला माणूस लागलाच. पण तो रोज शेजारी असलेला, फोटो बघून बोलणारा माणूस होता. पूर्वी आपल्या गावांत स्टुडिओतला उस्ताद हे काम करायचा. पोरगं आधी झाडू मारायचं, मग अंधाऱ्या खोलीत पाणी बदलायचं, मग निगेटिव्हवर पेन्सिलनं डाग भरायचं, आणि कधीतरी त्याच्या हातात कॅमेरा यायचा. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. लोक एकत्र बसून एकमेकांचं काम पाहतात तेव्हा शिकतात, ही समज इथं तेवढी जुनी आहे. आज स्टुडिओ पासपोर्ट फोटोंपुरते उरलेत. उस्तादाची जी जागा रिकामी झाली, तिथं कार्यशाळा उभी राहिली. त्यात गैर काही नाही. फक्त उस्ताद दोन दिवसांत होत नसतो, एवढं ध्यानात असावं.

भाचीला मी सांगितलं, सहा महिने थांब. या काळात चार कामं कर. कॅमेऱ्यासोबत आलेली माहितीपुस्तिका कॅमेरा हातात घेऊन पानापानानं वाच. घरातली एक खिडकी आणि दादी, एवढ्यावरच रोज वीस फोटो काढ. सकाळी, दुपारी, मगरिबच्या वेळी. नात्यातल्या दोन लग्नांत पैसे न घेता काम कर, पण घरच्यांना आधीच सांग की मी शिकतेय. आणि दर महिन्याला वीस फोटो कागदावर छापून घेऊन एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्यापुढं ठेव. जे अडेल ते वहीत लिही.

लेन्सचंही सांगितलं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स पुढे ओढली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० ची एफ १.८ लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून कमीत, आणि ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते. रात्रीच्या हॉलमध्ये हा फरक कोणतंही व्याख्यान भरून काढू शकत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी आधी लेन्स घेईन.

तीन महिन्यांनी तिच्या वहीत तीन प्रश्न उरले होते. पहिला, स्टेजवरच्या झगमगाटापुढं नवरी उभी राहिली की तोंड काळं येतं. दुसरा, एका हॉलमध्ये सगळ्या फोटोंवर आडवे पट्टे आले. तिसरा, फ्लॅश मारला की जर आणि दागिने पांढरे फटक पडतात आणि चेहरा तेलकट दिसतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बाजारातल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यानं चहा संपायच्या आत दिली. मोजमाप सगळ्या चौकटीचं घेऊ नकोस, चेहऱ्याचं घे. आणि पट्टे दिव्यांचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव, पट्टे जातील. पैसे विचारले तर म्हणाले, ‘बेटी, पुढच्या वेळी बिस्किटं आण.’

तिसऱ्या प्रश्नाला मात्र ते थांबले. आमच्या वेळी छत्रीचे दिवे होते, हे नवे फ्लॅश मला नीट येत नाहीत, असं सरळ बोलले. फ्लॅश समोर न मारता पांढऱ्या छतावर मारून प्रकाश परतवतात, हे भाचीनं वाचलं होतं. पण छत उंच असेल तर काय, रंगीत असेल तर काय, मांडवात छतच नसेल तर काय? हे शब्दांत कळण्यासारखं नव्हतं. महागडी दिवेबत्ती तिच्याकडे नव्हती. इथं मात्र पैसे भरून शिकणं रास्त होतं. माझे सहा महिने तिनं मानले नाहीत, आणि बरंच केलं. प्रश्न तयार झाल्यावरही उगीच थांबवणं ही माझी चूक झाली असती.

पैसे भरण्याआधी तिनं आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचारल्या. तुकडीत किती जण? मी काढलेले फोटो कुणी बघून बोलणार का, की फक्त तुमचेच दाखवणार? फ्लॅश मला हातात मिळेल का? आणि बायका असतील का, संध्याकाळी किती वाजता सुटेल? एकानं ‘मॅडम, आधी सीट बुक करा, मग बोलू’ म्हटलं. तिनं फोन ठेवला. दुसऱ्यानं नीट उत्तरं दिली. आठ जण, त्यांत तीन मुली, एक दिवस, पंचवीसशे रुपये, फक्त फ्लॅश. ती गेली. तिच्या वाट्याला सोळाच्या जागी चाळीसेक मिनिटं आली आणि त्यातली जवळजवळ सगळी तिसऱ्या प्रश्नावर गेली.

त्या दिवशी तिथं आलेला एक मुलगा कॅमेरा खोक्यातून पहिल्यांदाच काढत होता, असं तिनं सांगितलं. दिवसभर तो शेजारच्याला विचारत होता की बॅटरी कुठून घालायची. पैसे त्यानंही तेवढेच भरले होते. मला त्याचं हसू आलं नाही. भिगवणच्या बोटीत मी तोच होतो.

म्हणून कुणी विचारलं की कार्यशाळेला जावं का, तर मी उलट विचारतो, तुमचे न जमलेले दहा फोटो दाखवा. कुठं अडलं ते सांगता येत असेल तर जरूर जा, पैसे वाया जाणार नाहीत. तसे फोटोच नसतील तर ते पैसे ठेवून द्या आणि खिडकीपाशी जा.

मार्चमध्ये भाचीनं बायकांच्या बाजूचं पहिलं काम पैसे घेऊन केलं. चार हजार मिळाले, त्यातला एक हप्ता गेला. दादीचे खिडकीतले फोटो तिनं छापून अल्बममध्ये लावलेत. पहिल्या पानावरचे सगळे हललेले आहेत. ते काढून टाकू नकोस, असं मी तिला सांगितलंय.